झाकलेले शस्त्र आणि मोकळी जीभ

मराठीत एक मोठा बोलका शब्द आहे : गुप्ती. वरून पाहावे तर साधी हातातली काठी. म्हाताऱ्या माणसाने टेकत चालावे, देवळाच्या पायऱ्या चढताना आधार घ्यावा, अशी. मूठ ओढली की आतून लखलखते पाते बाहेर येते. तलवारीला आपण तिच्या आकारावरून, घडणीवरून किंवा गावावरून नावे दिली. या एका शस्त्राला मात्र नाव दिले ते त्याच्या लपण्यावरून. जे लपते ते गुप्ती. शस्त्र जवळ बाळगणे ही एक गोष्ट, आणि ते जवळ आहे हे समोरच्याला कळू न देणे ही अगदी वेगळी गोष्ट, हा भेद आपल्या भाषेला फार पूर्वीच कळला होता.

वसंत व्याख्यानमालेत हा विषय थोडा चमत्कारिक वाटेल. संतवाङ्मय, नाट्यसंगीत, पंचवार्षिक योजना असे विषय ऐकावयास येणाऱ्या श्रोत्यांपुढे पिस्तुलाची गोष्ट कशाला? परंतु नांदेड आणि लातूर या दोन गावांच्या इतिहासाशी या विषयाचा संबंध आपण समजतो त्याहून फार जवळचा आहे. म्हणून एक प्रश्न आज आपण धीटपणे विचारू : माणूस शस्त्र झाकतो, ते कोणापासून झाकतो? या एका प्रश्नाच्या उत्तरावर सारे अवलंबून आहे, असे मला वाटते.

प्रारंभ नांदेडपासूनच करू. इ. स. १७०८. बादशहा बहादूरशहा दक्षिणेत उतरला होता आणि त्याच सुमारास गुरू गोविंदसिंग गोदावरीच्या काठी नांदेडला येऊन राहिले होते. गुरूंजवळ शस्त्रे होती आणि ती सर्वांना दिसत होती. त्यांच्या अनुयायांच्या कमरेला कृपाण होती, तीही सर्वांना दिसत होती. शीख परंपरा सांगते की, दोन पठाण त्यांच्या दरबारात येऊ-जाऊ लागले, संगतीत बसू लागले, ओळख वाढवू लागले. एके दिवशी गुरू विश्रांती घेत असताना त्यांतील एकाने वस्त्रांत दडवलेला खंजीर काढून त्यांच्यावर वार केला. गुरूंनी त्याला तेथेच ठार केले. जखम शिवली गेली, भरत आली. पण पुढे एक दणकट धनुष्य ओढताना ती उसवली आणि ७ ऑक्टोबर १७०८ रोजी गुरूंचे देहावसान झाले. त्या जागेजवळ आज सचखंड श्री हुजूर साहिब उभे आहे. जगभरातून लोक तेथे येतात आणि गुरूपरंपरेतील शस्त्रांचे दर्शन घेतात.

नांदेडकरांनी या प्रसंगाचा एक अर्थ ध्यानात घेतला पाहिजे. ज्या शस्त्राला आज लोक मस्तक लववतात ते उघडे होते. ज्या शस्त्राने घात केला ते झाकलेले होते. भारताच्या राज्यघटनेच्या २५ व्या अनुच्छेदाला जोडलेल्या स्पष्टीकरणात कृपाण धारण करणे हा शीख धर्माचरणाचाच भाग मानला आहे. आपल्या गावच्या रस्त्यांवर कृपाण घातलेला माणूस रोज दिसतो आणि कोणी दचकत नाही. कारण उघडे शस्त्र आपली जबाबदारी स्वतःच सांगत असते. खंजिराने झाकली होती ती आपली धार आणि शिवाय आपल्या धन्याचे मन. तो खंजीर शत्रूपासून झाकलेला नव्हता; विश्वास टाकणाऱ्यापासून झाकलेला होता.

येथे कोणी लगेच म्हणेल, मग प्रतापगडाचे काय? शंका योग्य आहे आणि तिला बगल देण्यात अर्थ नाही. १० नोव्हेंबर १६५९ रोजी शिवाजी महाराज अफजलखानाच्या भेटीस गेले तेव्हा अंगरख्याखाली चिलखत होते आणि हातांत वाघनख व बिचवा दडलेला होता. पण ही भेट दोन विश्वासू माणसांची नव्हती. शिऱ्याचा राजा कस्तुरीरंग अभय घेऊन भेटीस आला असता याच खानाने त्याचा घात केला होता, ही गोष्ट दक्षिणेत सर्वश्रुत होती. सभासद बखरीप्रमाणे पहिला वार खानाचाच झाला. त्याने महाराजांची मान काखेखाली दाबली आणि कुशीत शस्त्र चालवले, ते चिलखतावर खरखरले. म्हणजे आलिंगन हाच तेथे एक झाडा होता, आणि दोन्ही बाजू तो घेत होत्या. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातील वाघनख जुलै २०२४ मध्ये तीन वर्षांसाठी महाराष्ट्रात आले आणि साताऱ्यास प्रदर्शनात ठेवले गेले, तेव्हा हजारोंनी ते पाहिले. ते नेमके महाराजांचेच, याची खात्री देता येत नाही असे ते संग्रहालय स्वतःच म्हणते. असो. वस्तूचा वाद बाजूला ठेवला तरी प्रसंगाचा बोध स्पष्ट आहे. जेथे घाताची पूर्ण अपेक्षा आहे तेथे झाकलेले शस्त्र हे घाताचे उत्तर होते. विश्वासाचा भंग नव्हता.

तात्पर्य, लपवणे हे स्वतः चांगले नाही वा वाईट नाही. त्याची नीती समोरच्या माणसावरून आणि परिस्थितीवरून ठरते. हे सूत्र हाती धरून आता पिस्तुलाकडे वळू. कारण पिस्तूल आले आणि लपवण्याचा सारा व्यवहारच पालटला.

पिस्तूल, काडतूस हे शब्दच मुळी आपण पोर्तुगीजांकडून घेतले. हे शस्त्र ज्यात लपते तो 'खिसा' हा शब्द फारसी-अरबीतून आला. आपल्या जुन्या पोषाखात खिशाला फारसे स्थान नव्हते. पैसा कनवटीला, पान-सुपारी चंचीत, कट्यार शेल्यात. आणि शेल्यातली कट्यार मिरवायचीच असे. आपले बसणे-उठणेही लपवणाऱ्याला अनुकूल नाही. आपण मांडी घालून बसतो, वडीलधाऱ्यांपुढे वाकतो, पंगतीत उघड्या अंगाने जेवायला बसतो, भजनाला खांद्याला खांदा लावून बसतो. प्रत्येक हालचाल अंगावरच्या जड वस्तूची चहाडी करते. किलोभर लोखंड एका बाजूला असले की सदरा त्या बाजूला ओढला जातो, चाल एका अंगाला कलते. त्याहून मोठी चहाडी मन करते. लपवणाऱ्याचा हात पुनःपुन्हा त्याच जागी जातो, आहे ना, पडले नाही ना, म्हणून चाचपतो. तो गर्दीत अंग चोरतो. कोणी पाठीवर थाप मारली तर दचकतो. लोखंड कापडाने झाकता येते, मनाला झाकण मिळत नाही.

पाश्चात्त्य कारागिरांनी ही अडचण यंत्राने सोडवण्याचा यत्न केला. १४ एप्रिल १८६५ रोजी वॉशिंग्टनच्या नाटकगृहात अध्यक्ष लिंकन यांना ज्या शस्त्राने मारले, ते हेन्री डेरिंजर याच्या घडणीचे, तळहातात मावेल असे एकबारी पिस्तूल होते. पुढे फिरत्या चक्राची रिव्हॉल्व्हरे आली. ती अनेकबारी होती, पण चक्रामुळे कुशीत फुगत. १९०० च्या सुमारास अमेरिकेतील जॉन ब्राउनिंग याच्या आराखड्यावरून बेल्जियममध्ये चपट्या बांध्याची स्वयंचलित पिस्तुले बनू लागली. काडतुसे मुठीत एकावर एक बसविल्यामुळे फुगवटाच नाहीसा झाला. कोटाच्या खिशात ते चोपडीसारखे बसे. युरोपातल्या राजांची आणि साम्राज्यांच्या अधिकाऱ्यांची झोप या चपटेपणाने उडवली. १९१४ साली साराजेव्होत ऑस्ट्रियाच्या युवराजावर झाडलेले पिस्तूलही ब्राउनिंगच्याच आराखड्याचे होते.

आपल्या देशात यापूर्वीच इंग्रजांनी १८७८ चा शस्त्रकायदा करून परवान्याशिवाय शस्त्र बाळगणे गुन्हा ठरविले होते. युरोपियनांना त्यातून सूट होती. त्याच साली देशी भाषांतील वृत्तपत्रांच्या मुस्कटदाबीचा कायदाही झाला. एकाच वर्षी हातही बांधले आणि तोंडही बांधले, हा योगायोग नव्हे. हात आणि जीभ यांचे हे नाते पुढे आपल्याला पुन्हा लागणार आहे, म्हणून ते येथे नोंदवून ठेवू.

लंडनहून सावरकरांनी वीस ब्राउनिंग पिस्तुले चतुर्भुज अमीन या इंडिया हाउसमधल्या आचाऱ्याबरोबर पाठविली. पेटीला दुहेरी तळ होता, त्यात ती दडवली होती. १९०९ च्या प्रारंभी ती मुंबईस उतरली आणि त्यांतील काही नाशिकच्या तरुणांच्या हाती गेली. नाशिकचे कलेक्टर जॅक्सन यांच्या बदलीनिमित्त २१ डिसेंबर १९०९ रोजी विजयानंद नाटकगृहात 'शारदा' नाटकाचा खेळ होता. जॅक्सन आत शिरत असताना अनंत लक्ष्मण कान्हेरे या तरुणाने पुढे होऊन गोळ्या झाडल्या. अनंतराव मूळचे कोकणातले. पण त्या वेळी शिकत होते ते औरंगाबादेस, म्हणजे निजामाच्या मुलखात. तेव्हा आपल्या मराठवाड्याचा धागा या कथेत पहिल्यापासूनच आहे. १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना फाशी झाली. कान्हेऱ्यांनी अठरा वर्षे नुकतीच ओलांडली होती.

या हौतात्म्यापुढे आपण नम्र होतो. पण इतिहासाचा अभ्यासक नुसता नमस्कार करून थांबू शकत नाही. जॅक्सन हे संस्कृतज्ञ होते, प्राच्यविद्येचे अभ्यासक होते, आणि नाशिकात त्यांना मानणारे लोकही होते. दुसऱ्या बाजूस बाबाराव सावरकरांना काही कविता छापल्याबद्दल जन्मठेप झाली होती आणि त्या खटल्याला जॅक्सननीच चालना दिली होती. ही दोन्ही सत्ये एकाच वेळी मनात धरावी लागतात. कविता छापली म्हणून काळे पाणी देणारे राज्य समोर असताना तरुणाने पिस्तूल दडवले, याचे आश्चर्य वाटत नाही. त्याचे दुःख मात्र वाटते; दोन्ही प्राणांसाठी वाटते.

आता आपल्या घरच्या अंगणात येऊ. निजामाच्या हैदराबाद संस्थानात मराठवाड्याचे पाच जिल्हे होते : औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड आणि उस्मानाबाद. लातूर हे त्या वेळी उस्मानाबाद जिल्ह्यातले व्यापारी गाव. संस्थानात 'गश्ती निशाण ५३' नावाचे एक परिपत्रक होते. सरकारच्या पूर्वपरवानगीवाचून जाहीर सभा भरवता येत नसे. आज आपण ज्या सहजतेने येथे जमलो आहोत तसे जमण्यासाठी त्या काळी अर्ज करावा लागे. १९३८ साली स्टेट काँग्रेस स्थापन होण्यापूर्वीच तिच्यावर बंदी आली आणि ती १९४६ पर्यंत उठली नाही. म्हणजे संस्थानात पहिल्यांदा लपावे लागले ते शस्त्राला नव्हे, विचाराला. गुप्त बैठका, हाताने लिहिलेली पत्रके, देवळाच्या ओवरीतले कुजबुजते बोलणे : जीभ आधी लपली, शस्त्र मागाहून लपले.

याच्या अगदी उलट चित्र दुसऱ्या बाजूस होते. रझाकारांचा सर्वाधिकारी कासीम रझवी हा लातूरला वकिली करणारा गृहस्थ. ज्याचा धंदा शब्दांचा, त्याने तलवारींची मिरवणूक काढली. रझाकारांची शस्त्रे झाकलेली नव्हती. ती बाजारातून, रस्त्यातून, रेल्वे स्टेशनांवरून मिरवली जात होती. दिसावीत म्हणूनच होती. १९४६ साली बिलोलीजवळ अर्जापूर येथे गोविंदराव पानसरे यांची हत्या झाली. १९४८ च्या ऑगस्टमध्ये 'इमरोज' पत्राचे तरुण संपादक शोएबुल्लाखान यांना हैदराबादेत मारले गेले. मुसलमान असून त्यांनी संस्थानाच्या भारतातील विलीनीकरणाचा पुरस्कार केला, हा त्यांचा अपराध. तेव्हा उघडे शस्त्र तेवढे पवित्र आणि झाकलेले तेवढे पापी, असा सोपा हिशेब नांदेडच्या पहिल्या गोष्टीवरून कोणी मांडला असेल तर तो येथे मोडतो. उघड्या शस्त्रामागे राज्याचे पाठबळ असले आणि समोरच्याचा हात व तोंड दोन्ही बांधलेले असले, म्हणजे त्या उघडेपणाला शौर्य म्हणत नाहीत. ती दहशत होय.

तेव्हा सीमेपलीकडे कँप उभे राहिले. वऱ्हाडात उमरखेड, सोलापूरकडे बार्शी अशी ठाणी भारताच्या हद्दीत होती. बार्शीहून लातूरला अरुंद रुळांची बार्शी लाइट रेल्वे १९११ पासून येत होती. माल यायचा, माणसे यायची. पण मध्ये संस्थानची हद्द होती आणि हद्दीवर करोडगिरीचा नाका होता. तेथे गाठोडी सोडावी लागत. शेतकऱ्याने बैलगाडीतून कडबा आणावा, बाईने डोक्यावर टोपले घेऊन जावे, मजुराने घोंगडी पांघरून बसावे, या रोजच्या दृश्यांना त्या दिवसांत दुसराही अर्थ आला होता. जालन्याकडच्या दगडाबाई शेळके यांच्यासारख्या स्त्रियांनी निरोप आणि शस्त्रे पोहोचवण्याची कामे केली, हे सर्वांना ठाऊक आहे. येथे एक मोठा फरक पडला होता. नाशिकला शस्त्राचे गुपित मूठभर तरुणांपाशी होते. मराठवाड्यात ते गावांनी सांभाळले. पाहणाऱ्याने पाहिले आणि न पाहिल्यासारखे केले. ज्या वस्तूचे गुपित अख्खा गाव राखतो ती वस्तू गावापासून लपवलेली नसते. फक्त जुलमापासून लपवलेली असते.

या काळातील सर्वांत गाजलेला प्रसंग म्हणजे नांदेड जिल्ह्यातील उमरीच्या बँकेवरील हल्ला. उमरखेडच्या बाजूने आलेल्या स्वातंत्र्यसैनिकांनी हैदराबाद स्टेट बँकेच्या उमरी शाखेतून लाखो रुपयांची रक्कम ताब्यात घेतली आणि ती हद्दीपलीकडे नेली. ही रक्कम लढ्यासाठी होती आणि स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखाली तिचा हिशेब ठेवला गेला. दरोडेखोर आणि सैनिक यांच्यातली सीमारेषा मला येथे दिसते. शस्त्र लपले, पण हिशेब लपला नाही.

आता त्या हल्ल्याची तारीख पाहा. ३० जानेवारी १९४८.

त्याच दिवशी सायंकाळी पाच वाजून गेल्यावर दिल्लीत बिर्ला भवनाच्या हिरवळीवर ७८ वर्षांचा एक वृद्ध दोघी मुलींच्या खांद्यांवर हात ठेवून प्रार्थनेला निघाला होता. दहाच दिवसांपूर्वी त्याच जागी स्फोट झाला होता. पोलिसांनी येणाऱ्यांचा झाडा घेण्याची परवानगी मागितली होती. गांधीजींनी ती दिली नाही. प्रार्थनेला येणाऱ्या माणसाचे खिसे तपासायचे नसतात, ही त्यांची श्रद्धा. गर्दीतून नथुराम गोडसे पुढे आला, नमस्कारासाठी वाकावे तसा वाकला आणि बेरेटा पिस्तुलातून त्याने तीन गोळ्या झाडल्या. आपला नमस्कार हा मुळी मोकळ्या हातांची साक्ष आहे. दोन्ही तळवे जुळले, म्हणजे हातांत काही नाही, असे त्याने समोरच्याला सांगायचे असते. त्या सायंकाळी ही साक्षच खोटी ठरली.

एकाच दिवशी मराठी माणसांनी झाकलेल्या शस्त्राच्या दोन गोष्टी घडवल्या. एकीचा आपण अभिमान सांगतो. दुसरीविषयी आपण पुष्कळदा गप्प बसतो किंवा आवाज खाली आणतो. आज तो खाली आणता येणार नाही. कारण दोहोंतील फरक सांगता आला नाही तर पहिलीचा अभिमानही आपल्याला शोभणार नाही.

फरक धैर्याचा आहे काय? नाही, गोडसेही पळून गेला नाही. त्यागाचा आहे काय? तोही नाही, तो फासावर गेला. कसोटी दुसरीकडे आहे. हाच मनुष्य १९३८ साली हैदराबाद संस्थानातील निःशस्त्र प्रतिकारात तुकडी घेऊन आला होता आणि निजामाच्या तुरुंगात राहिला होता. जेथे बोलण्यास बंदी होती तेथे तो उघड्या हातांनी आला. पुढे पुण्यात त्याच्यापाशी स्वतःचे दैनिक होते. तो गांधीजींवर रोज वाटेल तशी टीका लिहू शकत होता आणि लिहीत होता. गांधीजी रोज सायंकाळी उघड्यावर बसत आणि येणाऱ्याजाणाऱ्याच्या प्रश्नांना उत्तरे देत. जेथे जीभ पूर्ण मोकळी होती, नेमके तेथे त्याने शस्त्र झाकून आणले. उमरीचे पिस्तूल बांधलेल्या जिभेच्या वतीने झाकले होते. दिल्लीचे पिस्तूल मोकळ्या जिभेच्या विरुद्ध झाकले होते. माझ्या मते कसोटी ही, आणि एवढीच : जेथे जीभ मोकळी आहे तेथे झाकलेल्या शस्त्राला कोणतीही सबब उरत नाही.

ही कसोटी आपल्यालाही लावून घेतली पाहिजे. १३ ते १७ सप्टेंबर १९४८ या पाच दिवसांत पोलिस कारवाई पार पडली, निजामाने शरणागती दिली, मराठवाडा मुक्त झाला. शस्त्र झाकण्याचे कारण संपले, तेव्हा ते खाली ठेवण्याची वेळ आली होती. पुष्कळांनी ते ठेवले. पण पुष्कळ ठिकाणी ते उघडे झाले आणि शेजाऱ्यावर चालले. पंडित सुंदरलाल यांच्या समितीने संस्थानात फिरून जो अहवाल दिला, त्यात मुसलमानांवर झालेल्या अत्याचारांच्या दृष्टीने उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड हे चार जिल्हे सर्वाधिक पोळले असे नोंदले आहे. म्हणजे नांदेडही त्यात आले आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातले लातूरही आले. हा अहवाल कित्येक दशके लोकांपुढे आला नाही. शस्त्रासारखेच सत्यही झाकून ठेवता येते. आणि झाकलेले सत्य झाकलेल्या शस्त्राइतकेच धोक्याचे असते. आपल्या मुक्तीचा दिवस आपण १७ सप्टेंबरला साजरा करतो, तो करावाच. त्या दिवसानंतरचे दिवसही आपलेच आहेत, एवढे विसरू नये.

त्याच वर्षाच्या डिसेंबरात दिल्लीत घटनासमितीपुढे एक प्रश्न आला. १९३१ च्या कराची ठरावात काँग्रेसने नागरिकाला नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क असावा असे म्हटले होते. हरि विष्णु कामत यांनी तो मूलभूत हक्कांत घालण्याची सूचना आणली. सभागृहाने ती स्वीकारली नाही. भाषणाचा हक्क मूलभूत झाला. शस्त्राचा झाला नाही. मला यात राष्ट्राची निवड दिसते. १८७८ साली हात आणि तोंड एकत्र बांधले गेले होते. ते सोडताना आपण तोंड पूर्ण सोडले आणि हातासाठी परवाना ठेवला. १९५९ चा शस्त्रकायदा १ ऑक्टोबर १९६२ पासून देशात लागू झाला तो याच धोरणाने.

या कथेच्या शेवटी काळाने एक गमतीदार उलटापालट केली आहे. २०१६ चे शस्त्रनियम परवानाधारकाला सांगतात की, सार्वजनिक जागी पिस्तूल न्यायचे तर ते त्याच्या म्यानात वा तशाच योग्य पिशवीत, पूर्ण झाकलेले आणि आपल्या पुरत्या ताब्यात असले पाहिजे. वरातीत बार उडवण्यास मनाई आहे. २०१९ च्या दुरुस्तीने तर तो शिक्षापात्र गुन्हा ठरला. निवडणूक आली की परवानाधारकांना शस्त्रे पोलिस ठाण्यात जमा करण्यास सांगतात. ज्या झाकण्यासाठी पूर्वी माणूस तुरुंगात जाई, तेच झाकणे आज कायदा मागतो. हा विरोधाभास वरवरचा आहे. परवानाधारकाचे शस्त्र सरकारपासून लपलेले नाही. त्याचा क्रमांक दप्तरात आहे, धन्याचे नाव दप्तरात आहे. ते झाकायचे ते शेजाऱ्याला भय वाटू नये म्हणून, बाजारात पोरे घाबरू नयेत म्हणून, पंगतीत कोणाचा आवाज दबू नये म्हणून. गुप्ती आणि म्यान यांतला हा भेद आहे. गुप्ती समोरच्याला फसवते. म्यान धन्यालाच आवरते. कमरेचे पिस्तूल दिसावे म्हणून सदरा सहज वर सारून बसणारा मनुष्य अजून कोठे कोठे आढळतो. त्याला कायदा कळलेला नाही आणि इतिहासही कळलेला नाही. तो रझाकारांच्या मिरवणुकीतला उशिरा आलेला एक मनुष्य आहे.

आणि गुप्ती संपली आहे असेही समजू नये. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात सकाळी फिरायला निघालेल्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांना गोळ्या घालण्यात आल्या. १६ फेब्रुवारी २०१५ रोजी कोल्हापुरात, तसेच सकाळी फिरून परतणाऱ्या गोविंद पानसरे यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. चार दिवसांनी ते गेले. दोघेही आयुष्यभर व्यासपीठांवरून बोलत आले होते आणि ज्याला ते पटत नव्हते त्याला त्याच व्यासपीठावरून उत्तर देता आले असते. अर्जापूरच्या पानसऱ्यांचे आणि कोल्हापूरच्या पानसऱ्यांचे नाव एक असावे हा केवळ योगायोग. पण ६९ वर्षांच्या अंतराने तोच प्रश्न पुन्हा उभा राहावा, हा योगायोग नव्हे. पहिल्या वेळी आपल्याजवळ राज्य नव्हते. दुसऱ्या वेळी राज्य आपले होते, घटना आपली होती, जीभ मोकळी होती.

व्याख्यान संपले की आपण उठू, चपला शोधू, ओळखीच्या माणसाच्या खांद्यावर हात ठेवून बोलत बोलत घरी जाऊ. मंडपाच्या दाराशी कोणी आपला झाडा घेतला नाही. शेजारी बसलेल्या अनोळखी माणसाच्या कोटात काय आहे, असा विचारही आपल्या मनात आला नाही. हा निर्धास्तपणा आपल्याला इतका अंगवळणी पडला आहे की त्याची किंमत मोजली जात नाही. नांदेडात आणि लातुरात १९४८ पूर्वी जन्मलेल्यांनी ती किंमत मोजली होती. परवानगीशिवाय सभा भरवता यावी, एवढ्यासाठी मोजली होती. पटले नाही तर प्रश्न विचारावा, भांडावे, पुढच्या वर्षी याच व्यासपीठावर येऊन माझे म्हणणे खोडून काढावे. जोवर हे चालले आहे तोवर काठी ही नुसती काठीच राहील.